मागच्या कडेला ठरलेली भेट

डहाणूत ज्याला सगळे कॅप्टन म्हणत त्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून तिटकारा होता, असं म्हणायला मला आवडेल. पण ते खरं नाही. पहिले तीन रविवार तो माणूस मला चक्क आवडला होता, आणि त्या तीन रविवारांची मला अजून लाज वाटते.

मी तलासरीच्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि राहते डहाणूत. कॅप्टनने स्टेशनजवळ एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास उघडला होता. तिथे विमान चालवायला शिकवत नसत. डहाणूत विमान आणणार कुठून? फ्लाइंग स्कूलला जाण्याआधी ज्या लेखी परीक्षा असतात त्यांची तयारी तिथे होई. हवामान, नकाशे, नियम, आणि मुख्य म्हणजे विमान उडतं कसं. गणित आणि फिजिक्सचा पाया मी पक्का करून द्यावा म्हणून तो माझ्या घरी आला. ऐन मे महिन्यात, समुद्रावरून येणाऱ्या त्या चिकट हवेत, पांढरा कडक शर्ट आणि खांद्यांवर चार सोनेरी पट्ट्या.

"मॅडम, तुमचं नॉलेज तिकडे तलासरीला वेस्ट होतंय," तो म्हणाला.

हे मला स्वतःलाच कितीतरी वर्षं वाटत होतं, त्यामुळे मी चहा संपायच्या आत होकार दिला.

तो खरोखरच पायलट होता, हे मुद्दाम सांगते. पुढे गावात उलटसुलट बोललं गेलं, पण काही वर्षं त्याने विमानं उडवली होती आणि कानाच्या दुखण्यामुळे उडवणं बंद झालं होतं. तो तोतया असता तर मी त्याला माफ केलं असतं. तोतयाला निदान आपलं खोटं सांभाळण्यासाठी थोडा विचार करावा लागतो. याला तेवढाही करावा लागत नव्हता. विमान उडायचं, हा बसलेला असायचा, आणि म्हणून आपल्याला ते का उडतं हेही कळतं, अशी त्याची समजूत होती.

क्लासला आठ विद्यार्थी होते. त्यातले सात गावातले. कुणाच्या घरी चिकूच्या वाड्या, कुणाचा फुग्यांचा कारखाना. बापाने कुठल्यातरी लग्नात 'पोरगा पायलट होणार' असं सांगून टाकलेलं, आणि आता ते निस्तरायला पोरगा रविवारी सकाळी इथे येऊन जांभया देत बसलेला. आठवी एक मुलगी होती. कासाच्या पलीकडे, पूर्वेच्या डोंगरातल्या पाड्यावरची. घरची भाताची आणि नागलीची शेती. बारावीला माझ्याच कॉलेजात होती आणि वसतिगृहात राहून शिकली होती. आता पाड्यावरून जीपने कासा आणि तिथून बसने डहाणू असं करत ती नऊच्या क्लासला पावणेनऊला हजर असे. बाकीचे सात चालत येऊन सव्वानऊला पोचत.

चौथ्या रविवारी कॅप्टनने 'लिफ्ट' शिकवली. मी मागच्या बाकावर बसले होते, कारण त्याच्यानंतर माझा तास होता. त्याने फळ्यावर विमानाच्या पंखाचा आडवा छेद काढला. वरून फुगीर, खालून सपाट. पुढच्या कडेला हवेचे दोन कण काढले.

"हे दोघे मित्र," तो म्हणाला. "पंख आला, दोघांची ताटातूट झाली. एक वरून गेला, एक खालून. मागच्या कडेला दोघांना पुन्हा भेटायचंय. वरच्याचा रस्ता लांब, मग त्याला काय करावं लागणार? फास्ट जावं लागणार. स्पीड वाढला की प्रेशर कमी. वर प्रेशर कमी, खाली जास्त. विमान वर! क्लिअर?"

सात जणांनी क्लिअर म्हटलं. मुलीने हात वर केला.

"सर, त्यांना भेटायचंच का असतं?"

"म्हणजे?"

"वरचा कण आणि खालचा. ते एकाच वेळी मागे का पोचले पाहिजेत? नाही पोचले तर?"

फिजिक्स शिकवायला लागल्यापासून मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. त्यांना भेटायचं नसतंच. वरची हवा लवकर जाते हे खरं, पण ती इतकी लवकर जाते की खालच्या कणाच्या कितीतरी आधी मागच्या कडेपाशी पोचते, आणि पुन्हा ते दोघे काही भेटत नाहीत. पंख येणाऱ्या हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात हवा पंखाला वर ढकलते. वरच्या बाजूचा कमी दाब हा त्याच वळणाचा भाग. हे सगळं मला माहीत होतं.

कॅप्टन हसला. "निसर्गाचा नियम आहे बेटा. तुमच्या डोंगरात हवा वेगळी वाहते का?"

सात जण खदखदून हसले. मुलीने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. आणि मी, फिजिक्सची मास्टर डिग्री घेतलेली बाई, मागच्या बाकावर पेनाचं टोपण काढत-घालत बसले. चारचौघांत त्याला कसं बोलायचं, असं स्वतःला सांगत. तो हसला याचं मला एवढं वाटलं नाही. त्याला तेवढंच जमत होतं. माझं मात्र तसं नव्हतं.

माझा तास झाल्यावर मुलगी खाली थांबली होती. तिची बस यायला वेळ होता. आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाही. पण तुला हे सुचलं कसं?"

"पत्र्यामुळे," ती म्हणाली. "घराचा पत्रा बदलला तेव्हा मी आणि बाबांनी रस्त्यापासून पाड्यापर्यंत पत्रे डोक्यावर नेले. वारा समोरून असला की पुढची कड खाली ठेवायची. जरा वर झाली की पत्रा हातातून निघून जातो. एकदा मीच उचलली गेले होते. पण पत्रा तर वरून-खालून सारखाच असतो ना? मग वरच्या हवेला लांबचा रस्ता कुठे?"

मी रस्त्यातच थांबले. एक रिक्षावाला हॉर्न वाजवून, काहीतरी बोलून गेला.

"आणि पुढची कड खूपच वर केली तर?" मी विचारलं. "पत्रा जवळजवळ उभाच केला तर?"

तिने हाताचा पंजा वाऱ्यात धरल्यासारखा धरला आणि हळूहळू उभा केला. "मग वर नाही जात. नुसता अंगावर येतो, मागे ढकलतो."

"यालाच स्टॉल म्हणतात," मी म्हणाले. "इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. पंख हवेला ज्या कोनात भेटतो तो कोन एका मर्यादेपलीकडे गेला की वरची हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते. मग पंख उचलून धरत नाही. वेग कितीही असो."

"हे सर कधी सांगणार?"

"सर हे सांगणार नाहीत," मी म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी बस येईपर्यंत आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसू लागलो. वर क्लासात ती कॅप्टनचं लिहून घेई आणि खाली माझं. मी मात्र वर तोंड उघडलं नाही. एकदा स्टाफरूम म्हणून जो कोपरा होता तिथे कॅप्टनला एकटा गाठून सांगून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं, खांद्यावरची पट्टी सरळ केली आणि म्हणाला, "मॅडम, मी हजारो पॅसेंजर सेफ उतरवलेत. तुम्ही किती?" या वाक्यावर तो इतका खूश झाला की दुपारी त्याने ते मला पुन्हा ऐकवलं.

दिवाळीनंतर त्याने तलासरीत एक कार्यक्रम ठेवला. नवीन प्रवेश मिळवण्यासाठी. हॉलच्या दाराशी भला मोठा बॅनर, त्यावर विमान, विमानाच्या शेजारी कॅप्टन आणि खाली त्या मुलीचा फोटो: 'डोंगरकन्येची गगनभरारी'. ती तोवर विमानात बसलीसुद्धा नव्हती. तिच्या वडिलांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. नवा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते कुणी ऊठ म्हणेल अशा तयारीने बसले होते. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. त्यांनी भाषणात रॉकेट आणि विमान यांत फरक केला नाही, आणि टाळ्या मिळाल्या.

मग प्रयोग झाला. टेबलावर मोठा पंखा, त्याच्यासमोर लाकडी स्टँड, स्टँडला दोन उभ्या सळया आणि त्या सळयांत ओवलेला थर्माकोलचा विमानाचा पंख. पंखा लावला की थर्माकोल सळयांवरून सरसर वर चढणार, असा बेत.

कॅप्टनने दोन मित्रांची गोष्ट सांगितली. पंखा लावला. थर्माकोल थरथरला आणि जागच्या जागी बसून राहिला. स्पीड वाढवला. टेबलावरची फुलं उडाली, पाहुण्यांचे केस उडाले, थर्माकोल बसलेलाच. सुताराने स्टँड जरासा पुढे झुकता केला होता. पंखाची पुढची कड खाली होती. ते मला तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. स्टेजवर पंखाच्या शेजारी उभा राहून त्या माणसाला, ज्याने हजारो माणसं सेफ उतरवली, ते दिसत नव्हतं.

"व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे," तो माइकवर म्हणाला.

मुलगी स्टेजवर आभार मानायला बसवलेली होती. ती उठली, टेबलावरच्या क्लासच्या स्पायरल बांधणीच्या नोट्स उचलल्या आणि स्टँडच्या पुढच्या पायांखाली सरकवल्या. हाताशी दुसरं काही नव्हतं. कड वर झाली. थर्माकोल हलला आणि टकटक करत सळयांच्या टोकापर्यंत चढला.

हॉल टाळ्यांनी दणाणला.

"बघितलंत!" कॅप्टन ओरडला. "दोन मित्र भेटले!"

तेव्हा मी उठले. इतक्या महिन्यांनी. "तो वर गेला कारण तिने पुढची कड उचलली," मी जोरात म्हणाले. "तुमच्या गोष्टीचा त्यात काही संबंध नाही. ती गोष्ट चूक आहे."

मी कल्पना केली होती की असं बोलल्यावर शांतता पसरेल. तसलं काही झालं नाही. टाळ्या चालूच होत्या, चहा आला होता, लोक समोशांकडे वळले होते. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहून नमस्कार केला. त्यांना वाटलं मी कौतुक करतेय. कॅप्टनने ऐकलं होतं. त्याने माइकवर माझे आभार मानले.

मी क्लास सोडला. मुलीनेही सोडावा असं मला फार वाटत होतं, आणि ती दाखला न्यायला कॉलेजात आली तेव्हा तसं मी तिला जवळच्या बस थांब्यावर सांगितलं.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "शिष्यवृत्तीच्या अर्जाला त्यांचं प्रमाणपत्र लागतं. परवा त्यांची टेस्ट झाली. दोन मित्रांचंच उत्तर लिहिलं मी. पूर्ण मार्क पडले."

"तुला माहीत असून?"

"म्हणूनच लिहिता आलं," ती शांतपणे म्हणाली. "सोपं आहे ते."

मला तिचा राग आला. खरं तर मला हवं होतं की तिने माझ्यासाठी लढावं. जे मी स्वतः पगारी नोकरी सांभाळून, घर डहाणूत असून, कुणाच्या सहीची गरज नसून इतके महिने केलं नाही, ते त्या मुलीने जीप आणि बस बदलत येऊन, आपला अर्ज धोक्यात घालून करावं. कॅप्टन मूर्ख होता. मी काय होते, त्याला चांगला शब्द नाही. त्या दिवशी तिला मी नीट निरोपही दिला नाही.

तिची निवड झाली. आता ती दुसऱ्या राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. स्टॉलचा सराव सुरू झाला होता.

"मॅडम, विमानाचं नाक खाली पडायला लागतं ना, तेव्हा हात आपोआप कंट्रोल मागे ओढायला जातो," ती सांगत होती. "आणि नेमकं तेच करायचं नसतं. पुढे ढकलायचं. जमीन समोर दिसत असताना पुढे! पहिल्यांदा मी ओढलंच. इथल्या सरांनी हातावर चापट मारली."

"मग?"

"मग दुसऱ्यांदा ढकललं. कोन कमी झाला, पंखाने पुन्हा धरलं. ते कळतं मॅडम, बुडाखाली कळतं." ती हसली. मग तिथल्या मेसच्या डाळीबद्दल बराच वेळ बोलली. मी कॅप्टनचा विषय काढला तर म्हणाली, "सोडा ना. त्यांच्यामुळेच आले इथे." मला ते ऐकवेना, पण खोडूनही काढता येईना.

क्लास जोरात चालू आहे. वरचा मजला पुरत नाही म्हणून शेजारची खोलीही घेतली आहे.

मी यंदा सुट्टीत बसून उड्डाणाचं फिजिक्स मराठीत लिहून काढलं. बारा पानं, आकृत्यांसह. कोन, वेग, हवेचं वळणं, स्टॉल, सगळं नीट. झेरॉक्स काढून बारावीच्या वर्गात वाटलं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने पानं चाळली आणि विचारलं, "मॅडम, यातलं परीक्षेला काय येतं?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

त्याने पानं ठोकून सारखी केली, उठून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि 'थँक यू मॅडम' म्हणून जागेवर जाऊन बसला.