शाळेचं श्राद्ध

आमच्या सौभाग्यवतीचे मामा ज्या सरकारी शाळेच्या फाटकातून आत शिरले आणि ती शाळा वर्षभरात बंद पडली नाही, असं उज्जैनमध्ये आजवर एकदाही घडलेलं नाही. मी तिखटमीठ लावतोय असं वाटत असेल तर इथल्या कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला विचारून बघा. वळणावर मामांची काळी सायकल दिसली की शाळेत धावपळ सुरू व्हायची. कोणीतरी मास्तर लगबगीनं फाटकाबाहेर यायचे आणि "हेडसाब, चाय यहीं पी लेते हैं, अंदर पंखा बंद है," असं म्हणत त्यांना रस्त्यावरच थोपवून धरायचे. एका मॅडमनी तर खास मामांसाठी फाटकाला लिंबू-मिरच्या टांगल्या होत्या. मामांनी चष्मा वर करून त्या नीट पाहिल्या, लिंबं ताजी आहेत म्हणून कौतुक केलं आणि डोकं वाकवून आत गेले. पुढच्या जुलैत ती शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली. मॅडमची बदली लांबच्या खेड्यात झाली, आणि त्या अजून मामांचं नाव निघालं की हात जोडतात म्हणे.

मी बँकेच्या बदलीवर नाशिकहून इथं आलो आणि इथलाच झालो. मुलगी बघायला माधव नगरला गेलो तेव्हा मामांनी माझा पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही. मी कुठल्या शाळेत शिकलो एवढंच विचारलं. नगरपालिकेच्या, असं म्हटल्यावर ते खुर्चीत पुढं सरकले आणि ती अजून चालू आहे का, असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. एखाद्याची आई अजून आहे का हे विचारावं, तसा तो सूर होता. मी हो म्हणालो. मामांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लग्न ठरलं. माझ्या सासऱ्यांचं मत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मामा स्वतः सरकारी प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर. निवृत्त माणसं सकाळी महाकालच्या दर्शनाला जातात, संध्याकाळी फ्रीगंजला चक्कर मारतात. मामा आजारी शाळांना भेटायला जात. अमुक शाळेत मुलं कमी झाली, अशी कुणकुण लागली की धुतलेला पांढरा शर्ट चढवून, आजारी नातेवाइकाकडे केळी न्यावीत तशी खिशात खडूची पेटी घेऊन ते निघत. तिथं गेल्यावर फारसं बोलत नसत. भिंतीला पंजा लावून उभे राहत. वर्गात शिरून खोल श्वास घेत. पाण्याच्या माठाचं झाकण उचलून आत बघत. मग घरी येऊन खुर्चीत बसत आणि मामींना सांगत की आता फार दिवस नाहीत. मामी बिचाऱ्या स्वयंपाकघरातूनच म्हणत, "पहिले हातपाय धुवून घ्या." त्यांना त्या भेटींचं सुतक वाटे की काय, कोण जाणे. मामांच्या शर्टाच्या बाह्यांना मात्र कायम खडूची भुकटी लागलेली असे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी मामी शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवत आणि सकाळी बाही पांढरी निघे. मामींनी साबण बदलला, कपाट बदललं, शेवटी तक्रार करायचं सोडून दिलं.

एका दुपारी त्यांनी मला स्कूटरवरून गावाबाहेरच्या एका बंद शाळेपाशी नेलं. आवारात गुडघ्याएवढं गवत, दाराला गंजलेलं कुलूप, व्हरांड्यात एक कुत्रं झोपलेलं. आम्ही भिंतीपाशी उभे होतो आणि आतून घंटा वाजली. लोखंडाच्या रुळावर लोखंडाच्या दांड्यानं मारावी तशी, स्वच्छ. कुत्रं उठलं, अंग झटकलं आणि मधल्या सुट्टीत काही खायला मिळेल अशा थाटात दारापाशी जाऊन बसलं. मामांनी घड्याळ बघितलं आणि वेळ बरोबर असल्याबद्दल मान डोलावली. मी कसंबसं विचारलं की आत कोण आहे. "प्यून होता इथं एक," मामा म्हणाले. "शाळेच्या पहिलेच गेला तो. मग बंद झाल्याचा आदेश त्याला कोण देणार, जावईबापू?" परत येताना मी स्कूटर जरा जास्तच जोरात हाणली असावी, कारण मामांनी दोनदा माझा खांदा दाबला.

शाळा मरतात याला जिम्मेदार कोण, हा मामांचा ध्यास होता. ते सगळ्यांना विचारत. मास्तर सांगत की आम्हाला शिकवू कोण देतं, कधी निवडणूक, कधी जनगणना, कधी कुठल्या योजनेची माणसं मोजायची. आईबाप सांगत की मास्तर शिकवतच नाहीत, म्हणून पोट मारून पोरं प्रायव्हेटमध्ये घातली. अधिकारी सांगत की आईबापच पोरं पाठवत नाहीत, मग शाळा कोणासाठी चालवायची. मामा प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत आणि प्रत्येकाचं त्यांना पटे. त्यामुळे त्यांची पंचाईत वाढतच जाई. उज्जैनचा राजा एक महाकाल, दुसऱ्या कुठल्या राजानं इथं रात्रीचा मुक्काम केला तर त्याची गादी जाते, अशी इथली जुनी समजूत आहे आणि मंत्रीसंत्री ती आजही पाळतात. मामांनी ती शाळेच्या खात्याला लावली होती. ज्याला जिम्मेदार धरायचा तो दिवसाउजेडी इन्स्पेक्शन करतो आणि दिवेलागणीच्या आत भोपाळच्या रस्त्याला लागतो, असं ते म्हणत.

शेवटी त्यांनी बंद पडलेल्या शाळांची श्राद्धं घालायला सुरुवात केली. शाळा नेमकी कुठल्या दिवशी गेली हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून सर्वपित्री अमावास्या धरायची आणि सिद्धवटावर शिप्रेच्या काठी जायचं. तिथले पंडितजी पहिल्या वर्षी भांबावले. त्यांनी रिवाजाप्रमाणे मृतकाचं नाव विचारलं. मामांनी शासकीय प्राथमिक विद्यालय म्हणून सांगितलं. वडिलांचं नाव विचारलं, तर मामा म्हणाले, "सरकार." गोत्राशी गाडी अडली. गोत्र माहीत नसलेल्याला कश्यप लावतात, तसं पंडितजींनी शाळेलाही लावलं आणि विधी पार पडला. पुढं मात्र मामांनी आपला मराठी रिवाज आणला. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजून घरचे एकेक जण पुढं होतात आणि शब्द देतात. मामांनी त्याची जाँच, म्हणजे सरकारी चौकशीच, करून टाकली. सोबत आणलेल्या मास्तरांना, आईबापांना ते कावळ्यासमोर एकेक करून उभं करत आणि शाळा गेली त्यात तुमचा हात किती, ते कबूल करायला लावत. खरा जिम्मेदार बोलला की कावळा उतरेल, असा त्यांचा हिशेब. कावळा कधीच उतरला नाही. दरवर्षी ऊन डोक्यावर आलं की पंडितजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावत आणि "आप मराठी लोगों का कौआ बहुत नखरे करता है," असं पुटपुटत घरी जात.

एका शाळेत मात्र मामांनी निवृत्तीनंतर पाऊल टाकलं नव्हतं. ती त्यांची स्वतःची. देवास गेटमागच्या गल्लीत, बसस्टँडचा गोंगाट जिथं जरासा कमी होतो, तिथं ती उभी होती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथं घालवली होती. आपला पायगुण त्यांनाही ठाऊक होता, त्यामुळे ती गल्ली टाळून ते लांबच्या रस्त्यानं भाजीला जात. तिथली मुलं कमी झाली, मास्तर कमी झाले, एकच मॅडम उरल्या, हे सगळं त्यांच्या कानावर येई. त्यांचे पाय शिवशिवत. मामी सांगत की झोपेतसुद्धा ते टाचा आवळून धरतात. मी आत गेलो नाही तर ती जगेल, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि त्यांची ती धडपड बघून मला हसू यायचं आणि गलबलूनही यायचं.

ती शाळा बंद झाली. मुलांना मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत जायला सांगितलं आणि फाटकाला कुलूप लागलं. मामा आमच्या घरी आले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "मी गेलो नव्हतो, जावईबापू," एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते. चहा ठेवायला आत गेलेली आमची सौभाग्यवती ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती.

त्या वर्षी सिद्धवटावर मामा, मी आणि त्या शेवटच्या मॅडम असे तिघेच होतो. घाटावर नेहमीप्रमाणे गर्दी होती, पण आमच्या भोवतालचा कोपरा चमत्कारिक शांत होता. पिंड पानावर ठेवला. समोरच्या कठड्यावर एकच कावळा येऊन बसला आणि मान वाकडी करून मामांकडे बघत राहिला. उडेना, ओरडेना. पदर खोचून मॅडम पुढं झाल्या. सगळ्या वर्गांना एकदम बसवून शिकवताना आपण पोरांना नुसतं गप्प बसवलं, असं त्या म्हणाल्या. कावळा हलला नाही. मला काय कबूल करावं ते कळेना, म्हणून मी शासनाच्या वतीनं दोन वाक्यं बोललो. कावळ्यानं तिकडे लक्षसुद्धा दिलं नाही. मग मामा उठले. "माझा मुलगा मी कॉन्व्हेंटला घातला," ते पिंडाकडे बघून म्हणाले. "रोज माझ्याच शाळेवरून त्याचा रिक्षा जायचा. सगळ्या गल्लीनं पाहिलं, हेडमास्तरचं पोर कुठं जातं ते. मी तुझ्याकडे येत नव्हतो ते पायगुणामुळे नाही. मला तुझी लाज वाटायची, आणि मग माझी."

इतका खरा जबाब मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी कावळ्याकडे बघितलं. तो तसाच बसून होता. घाटावरचं ऊन एकाएकी फिकं पडल्यासारखं वाटलं. पंडितजी इतकी वर्षं कंटाळून बसत, ते त्या दिवशी मात्र उठून आले आणि त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्टरजी," ते म्हणाले, "आप हर साल जाँच बिठाते हो. मरने वाले को गुनहगार नहीं चाहिए. उसको वचन दो, क्या करोगे."

मामा पिंडाकडे वळले. त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शाळेला काय हवं असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग ताठ झाले, वर्गापुढं उभं राहावं तसे, आणि म्हणाले, "उद्यापासून शाळेच्या वेळेला येईन. कोणी आलं तर शिकवीन, नाही आलं तरी बसेन." त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत कावळा कठड्यावरून खाली आला होता. पिंडाला चोच लावून तो गेला, तेव्हा माझ्या शेजारी मॅडम हुंदके देत होत्या. मामा मात्र घाईत होते. त्यांना घरी जाऊन शर्ट धुवायला टाकायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून ते खरंच जाऊ लागले. फाटकाला कुलूप, म्हणून बाहेरच्या पायऱ्यांवर सतरंजी टाकून बसत. आधी कितीतरी दिवस कोणी आलं नाही. तरी ते फळा टेकवून ठेवत आणि समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघून गणित समजावत. गल्लीतले लोक हसत, मग हसेनासे झाले, कारण मामा मधूनच थांबत आणि कोणीतरी उत्तर दिल्यासारखे "शाब्बास" म्हणत. पुढं खरी मुलंही आली. मोठा रस्ता ओलांडायला भिणारी, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येणारी. मामा तेव्हा इतके खुश असत की मामींना साबणाची आठवणसुद्धा राहिली नसावी. माझ्या ओळखीतला तो सर्वांत सुखी म्हातारा होता.

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. चौदावा झाला, पाहुणे पांगले, आणि मी काही कामासाठी त्या गल्लीतून निघालो होतो. पायऱ्यांवर सतरंजी टाकलेली होती. मुलं ओळीनं बसून पाढे म्हणत होती, आणि फळ्यावर ताजं गणित लिहिलेलं होतं. जवळपास एकही मोठा माणूस नव्हता. मी स्कूटर थांबवून एका मुलीला विचारलं की तुम्ही कोणाची वाट बघताय. तिनं कुलूप लावलेल्या फाटकाकडे सहज बोट केलं.

"सर अंदर हैं," ती म्हणाली. "हमको बोले, आज इनसे पूछ लेना."

आणि पाटी माझ्यापुढं धरली. गणित भागाकाराचं होतं, मला तो नीट येतो. मुलं पाढे म्हणायची थांबली होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मी स्कूटर स्टँडवर लावली, चपला काढल्या आणि सतरंजीवर बसलो.