पिवळी वायर माझ्या पर्समध्ये होती

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. जव्हारला एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. दिवे गेले तर मी आधी फ्यूज बघते, दार आपटलं तर कडी. शिरपामाळच्या बाजूला कुणाला काय दिसलं, घाटात गाडीपुढे कोण आडवं आलं, हे आमच्या स्टाफरूममध्ये दर पावसाळ्यात निघतं आणि मी दरवेळी एकच विचारते – गाडी कोण चालवत होतं आणि काय पिऊन? तेव्हा मला स्वतःलाच असं काही लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं... आता लिहितेच आहे तर क्रमानं लिहिते. कुणाला मध्ये कुठे चूक सापडली तर जरूर दाखवा. मला बरंच वाटेल.

माझी मोठी बहीण कुसुमताई मोखाड्याला राहते. उपकेंद्रात नर्स आहे. आजूबाजूच्या पाड्यांवर जाऊन लहान मुलांना लस टोचणं हे तिचं मुख्य काम, आणि ते ती कसं करते हे मी जवळून पाहिलंय. ओढ्याला पाणी असलं की लसीची निळी पेटी डोक्यावर घेऊन पलीकडे. आई भातलावणीला गेलेली असेल तर थेट बांधावर. पाड्यांवरच्या म्हाताऱ्या म्हणतात, "शिस्टरच्या हातची सुई पोराला कळत नाय." मी एकदा तिला यातली युक्ती विचारली होती. म्हणाली, "सुई कोणीही टोचेल गं. औषध किती सावकाश आत ढकलायचं, ते अंगठ्याला कळलं पाहिजे."

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, बोलणंही आलं – टोमण्यांसकट आलं. उजवा हात मात्र मागे राहिला. बोटं हलायची, पण अंगठा वेळेवर दाबायचा नाही. तिच्या ऑफिसातली माणसं चांगली आहेत, त्यांनी बसून करायचं काम देऊ केलं. ताई म्हणाली, "टेबलावर बसून काय करू, डास मारू? तेही डाव्या हातानं?" रजा संपेल तेव्हा डॉक्टर हात तपासणार होते. हात ठीक नसता तर पाड्यांवरचं काम कायमचं सुटणार होतं. ती बोलत नसे, पण तिला रात्रीची झोप नव्हती हे घरकामाला येणाऱ्या रखमीनं मला सांगितलं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट नीट समजावली. अंगठा नुसता हलवून उपयोग नाही. डोळ्यांनी बघायचं आणि त्याच क्षणी दाबायचं, ही सवय मेंदूला परत लागायला हवी. "काहीतरी खेळा," त्या म्हणाल्या. ताईचा मुलगा प्रशांत बोईसरला कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, "आई, माझा लहानपणीचा व्हिडिओ गेम माळ्यावर असेल बघ."

होता. रिमोटसकट होता आणि चालत होता. त्यात सशाचा एक खेळ होता. ससा धावत सुटतो, वाटेत ओंडके येतात, उजव्या अंगठ्यानं तांबडं बटण दाबलं की ससा उडी मारतो. ताईला हवं होतं अगदी तेच. पुढचं सगळं मी माझ्याकडे घेतलं. चित्र मोठं हवं, कडा स्पष्ट हव्यात, खुर्चीवरून मान वर करावी लागू नये... असं सगळं लिहून काढून जव्हारच्या दुकानातून भिंतीला लावायचा मोठा टीव्ही आणला. नव्या टीव्हीला पूर्वीसारखी रंगीत भोकं नसतात, नुसती एचडीएमआयची चपटी खाच असते. दुकानदारानं मध्ये लावायला काडेपेटीएवढा कन्व्हर्टर दिला. चित्र झकास आलं. मी खूश होऊन घरी गेले.

ससा मात्र प्रत्येक ओंडक्यावर आपटत होता. रोज. ताईनं बरेच दिवस तक्रार केली नाही. मग एका रविवारी मी गेले तेव्हा तिनं रिमोट मांडीवर ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "सुमे, मी दाबते गं. पण ससा उशिरा उडतो. म्हणजे मला वाटतं मी दाबलं, पण दाबलेलं नसतं. हा हात मेलाय."

रखमी केर काढत होती. ती म्हणाली, "तुमच्या हाताला काय नाय झालं, शिस्टर. त्या सशालाच लकवा मारलाय."

ताई हसली, रडतारडता. मी मात्र रिमोट हातात घेतला. माझे दोन्ही हात धड आहेत, दिवसभर कीबोर्डवर चालतात. मी दाबलं. ससा आपटला. परत दाबलं, परत आपटला. मग मी बटणाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघत राहिले, आणि दिसलं – बटण आधी दबत होतं, ससा मागाहून उडत होता. म्हणजे उशीर ताईच्या अंगठ्याला होत नव्हता, निदान सगळा तरी नव्हता. उशीर माझ्या टीव्हीला होत होता. मी निवडून, तपासून आणलेल्या टीव्हीनं माझ्या बहिणीला इतके दिवस सांगितलं होतं की तुझा हात मेलाय.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही गेमचं बोललाच नाहीत. जुन्या गेममधलं चित्र जुन्या पद्धतीचं. कन्व्हर्टर ते नव्या पद्धतीचं करणार, मग टीव्ही ते ताणून मोठं करणार, मग दाखवणार. पिक्चर बघताना कळत नाही, खेळताना कळतं." टीव्हीत गेम मोड म्हणून एक सोय असते, ती त्यानं दाखवली. ती लावून पाहिली. फरक पडला, पण पुरेसा नाही. "खरं म्हणाल तर याला जुना डबा टीव्हीच पाहिजे," तो म्हणाला. "त्यात बटण दाबलं की चित्र लगेच. पण आता कोणाकडे असणार तो?"

ताईकडे होता. माळ्यावर, चादरीत गुंडाळलेला. भंगारात द्यायचा विषय मी काढला की ती "राहू दे" म्हणायची. तो दाजींचा टीव्ही. दाजी म्हणजे ताईचे यजमान, प्राथमिक शिक्षक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या टीव्हीची एक खोड होती – पाठीमागचं पिवळं भोक, ज्यातून चित्र येतं, ते सैल होतं. पिन कुणीतरी अंगठ्यानं दाबून धरली तरच चित्र टिकायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी प्रशांत पुढे बसून खेळायचा आणि दाजी टीव्हीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, पिन धरून उभे असायचे. टीव्हीच्या वरून त्यांचा चष्मा तेवढा दिसायचा. मी म्हणायचे, दाजी, दुरुस्त करून आणा की. ते म्हणायचे, "मग मला घरात काय काम राहील?" ताई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, बसा आता. हात भरून आला असेल." तेव्हा कुठे खेळ थांबायचा.

जुन्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. मी जव्हारहून दोन सुट्या वायरी घेतल्या – चित्राची पिवळी आणि आवाजाची पांढरी. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आणि रखमीनं टीव्ही खाली उतरवला आणि त्याच कोपऱ्यात टेबलावर ठेवला, कारण प्लग तिथेच आहे. पांढरी पिन घट्ट बसली. सशाच्या खेळाचं गाणं वाजायला लागलं. पिवळी लावली तर चित्र क्षणभर आलं, फिरलं, गेलं. मी पिन दाबून धरली. आलं. पण माझा हात जरा हलला की गेलं. त्या फटीत वाकून उभं राहायचं, वर अंगठ्याचा जोर... दाजी अख्खी दुपार हे कसं करायचे कोण जाणे. ताई समोरून माझी धडपड बघत होती.

"सोड गं," ती म्हणाली. "तुला नाही जमणार ते."

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे ताई."

"माहीत आहे मला. सोड."

मी पिवळी वायर काढली, गुंडाळली, रबर लावलं आणि पर्समध्ये टाकली. टीव्ही जव्हारला नेऊन भोक बदलून आणायचं असं ठरवलं. टीव्ही बंद करायला गेले तर ताई म्हणाली, "गाणं राहू दे. बरं वाटतंय." पडदा काळा होता, कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत एव्ही एवढंच. मी पर्स घेऊन आत गेले, ती खुंटीला अडकवली आणि चहा ठेवला. रखमी मागच्या दारी भांडी घासत होती.

चहा उकळताना बाहेरून सशाच्या उडीचा आवाज आला. मग पुन्हा. मला वाटलं, बिचारी नुसत्या आवाजावर खेळतेय. पण आपटल्याचा आवाज काही येईना. उडी, उडी, उडी... मी कप घेऊन बाहेर आले.

पडद्यावर चित्र होतं. थरथरणारं नाही, फिरणारं नाही – अगदी ठाम. कोपऱ्यात हिरवं एव्ही तसंच. ताई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. ओंडका येत होता, तिचा अंगठा दबत होता, आणि ससा त्याच क्षणी उडत होता. कधी चुकायचा, आपटायचा. ती परत सुरू करायची. चूक झाली की आता तिला कळत होतं की ती कुणाची, आणि पुढच्या ओंडक्याला ती सुधारत होती. तिच्या चेहऱ्यावर, बाळाचा दंड धरून सुई उचलते तेव्हा असते तशी शांतता होती. तो चेहरा मी आजारपणानंतर पहिल्यांदा बघत होते.

रखमी हात पुसत माझ्या मागे आली. "आलं का चित्र?" म्हणाली.

मी तिला गप्प राहायची खूण केली. तुम्ही म्हणाल, मागे जाऊन बघितलं का नाही? मला ते सुचलं होतं. पण मी पुढे गेले असते तर ताईचं लक्ष मोडलं असतं, आणि मागे काय आहे यापेक्षा पुढे जे चाललं होतं ते मला मोठं वाटलं. मी तिथेच उभी राहिले. चहावर साय धरली.

शेवटी ताईनं रिमोट मांडीवर ठेवला. बोटं उघडमिट केली. माझ्याकडे किंवा रखमीकडे न बघता, टीव्हीच्या वरच्या बाजूला कोपऱ्यात बघत ती म्हणाली, "अहो, बसा आता. हात भरून आला असेल."

चित्र गेलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि ते गाणं.

"कोनाला सांगता, शिस्टर?" रखमीनं विचारलं.

"तुला नाही," ताई म्हणाली. "तुझी भांडी राहिलीत."

मग मी मागे गेले. पांढरी पिन जागेवर. पिवळं भोक रिकामं. खुंटीवरची पर्स उघडली. पिवळी वायर रबरासकट आत.

मी जे जे तपासायचं ते तपासलं. वायरीशिवाय टीव्ही पुन्हा पुन्हा चालू करून पाहिला, चित्र आलं नाही. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले, अँटेनातून आलं असेल. पण त्या गेमला अँटेनाची वायर लागतच नाही, आणि टीव्ही एव्हीवर, म्हणजे मागच्या भोकातून येणारं चित्र दाखवण्यावर होता, चॅनेलवर नव्हता. मग सर म्हणाले, तुम्हाला भास झाला असेल. तिघींना एकच भास, आणि त्यातली एक रखमी, जिला भास झाला तर ती आधी पगारवाढीचा बघेल.

ताईला मी संध्याकाळीच विचारलं होतं, "तुला माहीत होतं वायर लावलेली नाही?"

"मला पाठीमागचं काय दिसणार? मी सशाकडे बघत होते." थोडा वेळ ती उजव्या अंगठ्यानं एकेक बोट मोजत राहिली. मग म्हणाली, "तू ते भोक दुरुस्त करून आण. किती दिवस उभं ठेवायचं माणसाला?"

मी दुसऱ्याच दिवशी टीव्ही जीपमध्ये घालून जव्हारला आणला. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढून मला दाखवलं. पिवळ्या भोकाचा आतला सांधा तुटून नुसता टेकलेला होता. "मॅडम, हे कुणी दाबून धरलं तरच चालणार," तो म्हणाला. मी म्हटलं, हो, धरायचे. त्यानं नवं भोक बसवलं. त्याच रात्री टीव्ही परत मोखाड्यात होता आणि पिवळी पिन गच्च बसली. तपासणीपर्यंत ताई सकाळ-दुपार खेळली. डॉक्टरांनी तिला रिकाम्या सिरिंजमध्ये पाणी भरून सावकाश सोडायला सांगितलं. तिनं ते इतकं सावकाश सोडलं की डॉक्टर म्हणाले, पुरे.

पहिल्या लसीकरणाला मी रजा काढून तिच्याबरोबर पाड्यावर गेले. समाजमंदिराच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. ताईनं एका बाळाची मांडी धरली, आणि मी बाळाकडे न बघता तिच्या अंगठ्याकडे बघत होते. बाळ रडलं, पण ताईनं त्याला आईकडे दिल्यावर रडलं, अनोळखी बाईनं धरलं होतं म्हणून. त्याची आजी शेजारणीला म्हणाली, "शिस्टरला काय झालं होतं म्हनत? काय नाय झालं."

त्या दुपारी ते चित्र कुठून आलं, याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. वायर पर्समध्ये होती, सांधा तुटलेला होता, आणि चित्र आलं होतं. या तीन गोष्टी मी कितीही वेळा मांडल्या तरी जुळत नाहीत. नवा टीव्ही प्रशांत घेऊन गेला. जुना त्याच कोपऱ्यात आहे. त्याच्या मागे, भिंतीच्या फटीत, मी एक स्टूल ठेवलंय. ताईनं नाही, मी. वायरी ठेवायला बरं पडतं, असं विचारणाऱ्यांना सांगते. पण वायरी मी त्याच्यावर कधी ठेवत नाही.