मी मुऱ्हाळी गेलोच नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि मी चोरून खाल्लेली साखरही तिला कळते. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. गप्प बसवत नाही, एवढं खरं.

शेतापासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीकाठी आमचं शेत. सातबाऱ्यावर माझे वडील, आबा, आणि काका, दोघांची नावं सामाईक. बारा वर्षांपूर्वी आबा गेले, मृत्युपत्र न करता. आमच्याकडे करतं कोण? विषय काढला की म्हातारा विचारणार, मला घालवायची घाई झाली का? म्हणजे आबांचा अर्धा हिस्सा वारसांचा. आई आधीच गेलेली. वारस दोन: मी आणि धाकटी बहीण मंगल.

दोन. हे गणित मला तेव्हाही येत होतं. शाळेत मास्तर आहे मी.

पण मंगलनं अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या एका पावरा आदिवासी मुलाशी लग्न केलं होतं, घरच्यांच्या इच्छेविरुद्ध. तेव्हा आबांनी तिच्या नावानं आंघोळ केली — मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. काकांनी केली. मीही केली. कुणी माझा हात धरून अंगावर पाणी ओतलं नव्हतं. पुढची नऊ वर्षं घरात तिचं नाव निघालं नाही.

आबांचे दिवस झाल्यावर वारस लावायला मी नि काका तलाठ्याकडे निघालो. वाटेत काका म्हणाले, "तिन्हा नावनी तं आंघोय करेल शे. आते ती कसानी वारस?"

काका नुसते बोलले. लिहिलं मी. 'मयतास माझ्याशिवाय अन्य कोणीही वारस नाही.' अक्षर चांगलं आहे ना माझं! सरकारी कागदाला आंघोळ कळत नाही, लेक ती लेकच — हे मला ठाऊक नव्हतं? होतं. चांगलंच होतं.

मग चावडीच्या फळ्यावर नोटीस लागली. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा. त्या पंधरा दिवसांत मी चावडीवरून किती वेळा गेलो असेन, देव जाणे. काम काही नसायचं. नुसतं बघायचं, कागद आहे ना जागेवर, आणि घरी यायचं. जेवण जात नव्हतं.

अकराव्या दिवशी मंगल आली. बाप गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. बाजारात उडतउडत कानावर आलं होतं. बस चावडीसमोरच थांबते. मी तिथंच होतो — दुसरीकडे कुठे असणार? ती उतरली आणि तिची नजर फळ्यावर गेली. माझ्या नावावर तिनं बोट ठेवलं. खाली सरकवलं. खाली काहीच नव्हतं.

आता ही ओरडणार, मला वाटलं. काकांचं वाक्य मी तोंडात तयार ठेवलं होतं. पण ती वळली आणि तिनं एवढंच विचारलं,

"दादा, आबानी मन्ही याद काढी व्हती का?"

इथपर्यंत आलो की माझी गाडी अडते. पण आता सांगतो.

जायच्या आठ दिवस आधी आबांनी माझं मनगट धरलं होतं. खोलीत आम्ही दोघंच. म्हणाले, "यंदा आखाजीले मंगलले लई ये. मुऱ्हाई तूच जाय." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो, तो मुऱ्हाळी. नऊ वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. "जासू," मी म्हणालो होतो. आबांनी स्वतःच ती आंघोळ मोडली होती, आणि ते फक्त मी ऐकलं होतं.

तिला हो म्हटलं असतं, तर ती त्या क्षणी पुन्हा घरातली झाली असती. आणि तिच्या पाठीमागचा कागद खोटा पडला असता. भीती त्याची होती.

"नही," मी म्हणालो. "काहीच नही."

तिनं मान हलवली. पिशवीतून आमचुराचं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. आबांना डाळीत आवडायचं. घरी पायही न ठेवता ती परतीच्या बसनं गेली. आमचूर बाजारातून आणलं, असं मी बायकोला सांगितलं. वर्षभर ते डाळीत पडत होतं आणि मी जेवत होतो.

हरकत आली नाही. फेरफार मंजूर झाला. त्या शेतात आता पपई आहे, यंदा चांगली लागली आहे. तिचा हिस्सा तिला द्यायचा, तर तिच्या दारात जावं लागेल. दारात गेलो, तर आबांचं वाक्य सांगावं लागेल. दोनदा अक्कलकुव्यापर्यंत गेलो. स्टँडवर चहा प्यायलो आणि परत आलो.

यंदाचीही आखाजी झाली. गल्लीत झोके बांधले होते, सगळ्यांच्या लेकी आल्या होत्या. आणि तिकडे डोंगरात मंगल अजून हेच धरून बसली आहे, की मरताना बापाला तिची आठवण आली नाही.