काकांचे मोठे शब्द

मी लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं आणि माझंही अजून शिक्षणच चाललंय. पण काकांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

काका म्हणजे कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या चाळीतले शेजारी. ते कामाला होते ती रेयॉन धाग्याची कंपनी बंद पडल्यापासून दारात खुर्ची टाकून बसायचे. मी शाळेतून येताना "जय भीम काका" म्हटलं की ते तीन इंग्रजी अक्षरं सांगायचे. ती तिन्ही ज्यात येतील असा शब्द शोधायचा. ज्याचा शब्द लांब, तो जिंकला.

एकदा त्यांनी एफ, सी, टी दिली. मी लगेच म्हणालो, "फॅक्ट!"

"एवढ्यात दमलास? मॅन्युफॅक्चरिंग! आयुष्यभर तेच केलंय, मी कसा विसरेन?"

"काका, तुमचे शब्द मालगाडीसारखे असतात."

"मग तू काय, इंजिन घेऊनच पळतोस होय रे?"

इंग्रजीची माझी भीती त्या दारातच कमी झाली. कॉलेजात नाव घातलं तेव्हा आईच्या आधी तेच रडले.

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. त्यांची मुलगी, आमची ताई, त्यांना कोलशेतला आपल्या घरी घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला काम देत राहा, गेलेली वाचा परत येऊ शकते. म्हणून आता अक्षरं मी द्यायला लागलो. सकाळी ताईच्या फोनवर तीन अक्षरं पाठवायचो. काका डाव्या बोटाने उत्तर टाइप करायचे. यायला संध्याकाळ व्हायची, पण शब्द तसाच, मालगाडीसारखा. डी, आर, एमला त्यांनी 'डिपार्टमेंट' पाठवलं, तेव्हा मी चाळभर तो मेसेज दाखवत फिरलो. उत्तरं येतायत म्हणजे काका एक दिवस बोलणार, असं मी धरून चाललो होतो.

परीक्षा सुरू झाली तरी अक्षरं पाठवणं सोडलं नाही. उलट आता उत्तरं लवकर यायला लागली. पी, टी, एल पाठवली. मला वाटलं, 'हॉस्पिटल' येणार. चहा संपायच्या आत उत्तर आलं, 'पेटल'. बी, आर, डीला 'बर्ड'.

"आई, काकांचा हात सुधारला गं! बघ किती पटकन लिहितात."

आई भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही. "बरं झालं. तू अभ्यास कर."

शेवटचा पेपर देऊन कल्याणहून घरी आलो, तर आईने आधी ताट वाढलं. "उद्या कोलशेतला जाऊन येतो," मी म्हणालो. ती माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली, मग ताईला फोन लावून माझ्या हातात दिला.

"पेपर कसा गेला रे?" ताईने विचारलं.

"चांगला. काका काय करतायत?"



"बाबा गेले रे. तुझा पहिला पेपर होता, त्याच्या आदल्याच दिवशी. परीक्षा संपेपर्यंत तुला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. तुझी अक्षरं यायची, मग मीच काहीतरी लिहून पाठवायचे. मला त्यांच्यासारखे मोठे शब्द सुचत नाहीत."