उठबस

माझे काका सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. बसून बसून खड्डा पडलेल्या सोफ्याचं कापड उसवायचं, आतला भुगा झालेला फोम काढायचा, पट्ट्या ताणून बसवायच्या आणि वर नवं कापड चढवायचं. फर्निचरच्या एका दुकानामागच्या गोदामात त्यांचं हे काम चाले. सोफा कुणाचा, ते दुकानाच्या मालकाला ठाऊक असे. काकांना फक्त सोफा ठाऊक. काम करताना तोंडात बारीक खिळे धरायची त्यांना सवय होती, म्हणून ते बोलत नाहीत असं लोकांना वाटायचं. खिळे काढल्यावरही ते बोलत नसत, हे आम्हा घरच्यांना माहीत होतं.

काकू अगदी उलट. भाजी आणायला गेली की भाजीवालीच्या जावेची तब्येत कशी आहे तेही ऐकून यायची. "तुमच्या वाटणीचंही मीच बोलते," असं ती काकांना म्हणे आणि काका मान डोलावत.

मग काकूच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चालणं हळूहळू जमायला लागलं, पण बसलेलं उठणं अवघड झालं. घरातल्या एका उंच खुर्चीपुरती ती उरली. शेवटी ताईने, म्हणजे काकांच्या मुलीने, सगळ्यांना समुद्रावर न्यायचं ठरवलं.

"तिथे जाऊन करायचं काय?" काकांनी विचारलं.

"बसायचं, बाबा. आयुष्यभर लोकांच्या बसायची सोय केलीत, आता स्वतः बसा."

मीही बरोबर होते. किनाऱ्याजवळ दुमजली गेस्ट हाउस होतं, तिथे उतरलो आणि पहिल्याच संध्याकाळी वाळूवर गेलो. तिथल्या घडीच्या खुर्च्या बुटक्या होत्या. काकू बसली ती पार खाली गेली. अंधारायला लागलं तसं ताईने तिचा एक हात धरला, मी दुसरा धरला; पण आम्ही ओढलं की खुर्चीही तिच्याबरोबर उठायला लागायची. अखेर दोन अनोळखी मुलं धावत आली आणि त्यांनी तिला उभं केलं. काकूने त्यांचे आभार मानले, ती काय शिकतात त्याची चौकशीही केली. 

सकाळी म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला खिडकीतून दिसतो की समुद्र."

काका उठून खिडकीशी गेले. समोर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी होती आणि तिच्या कडेला बोटभर निळं. ते न सांगता बाहेर पडले.

आम्हाला ते सापडले मागच्या अंगणात. जिन्याखाली मोडक्या लाकडी खुर्च्यांचा ढीग होता. तिथल्या मॅनेजरकडून काकांनी करवत आणि स्क्रू मागून घेतले होते. "हिला खाली आणा," ते म्हणाले.

काकू आली. काकांनी एक त्यातल्या त्यात धड खुर्ची पुढे केली. "बसून दाखव. आता उठ. हळू. आधी कुठे दुखतं? हात कुठे टेकावासा वाटतो? पाय पुढे का टाकतेस?"

"अहो, लग्न ठरताना एवढे प्रश्न विचारले नव्हतेत."

काका हसले, पण नजर तिच्या हातांवरच होती. उठताना तिचे हात आधार शोधत गुडघ्यांच्याही पुढे जात. खुर्चीचे हात मात्र अलीकडेच संपत. पाय मागे घ्यावेत तर खालची आडवी दांडी आड येई. काकांनी ती दांडी पुढून काढून मागे सरकवली, बैठक उंच केली, हात पुढे वाढवून टोकाला मुठीत मावतील असे गोल केले. ताई पॉलिश पेपर घासायला बसली. मी नुसतीच स्क्रू हरवत होते.

दुपार कलल्यावर खुर्ची किनाऱ्यावर नेली. काकू बसली, लाट आली आणि मागचे दोन पाय वाळूत रुतले. काकूची नजर एकदम आभाळाकडे गेली. आम्ही धावलो, तर ती पोट धरून हसत होती. "बुडाले तरी चालेल, खुर्ची मात्र छान झालीय."

दुसऱ्या दिवशी काकांनी पायांखाली आडव्या फळ्या ठोकल्या. खुर्ची हलली नाही. काकू पावलांवर लाटा घेत बसली. मग कुणाचा हात न धरता उठली. परत बसली. परत उठली, उगाचच. शेजारच्या खोलीत उतरलेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई लांबून बघत होत्या. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मला बसू द्याल?"

त्या संध्याकाळी पायरीवर बसून काका मला म्हणाले, "इतकी वर्षं खुर्च्या करतोय. बसणार कोण, हे एकदाही विचारलं नाही मी."

ती खुर्ची मॅनेजरने तिथेच ठेवून घेतली आणि आणखी एक करून मागितली. काकांची उरलेली सुट्टी अंगणात गेली. ती त्यांना आवडली, हे त्यांच्या शीळ घालण्यावरून कळलं. काका शीळ घालतात, हेच आम्हाला नवीन होतं.

परतल्यावर त्यांनी दुकानाच्या मालकापुढे बसणाऱ्याला विचारून खुर्च्या करायचा विषय काढला. माणूस वाईट नव्हता. "आपण कापड बदलायचं," तो म्हणाला. "कोण कसं उठतं, ते ज्याचं त्याने बघावं." तरी उरलेला फोम न्यायला त्याने हरकत घेतली नाही. काकांनी घरची गच्चीवरची शेड रिकामी केली.

काकूच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींसाठी खुर्ची हवी होती. काकांनी ती हुबेहूब काकूच्या खुर्चीसारखी केली आणि पाठवून दिली. ती तशीच परत आली. घड्याळजी बुटके होते, त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

काका दिवसभर जेवले नाहीत. "मालकाचं बरोबर होतं," म्हणाले.

"तुम्ही त्यांना माझी खुर्ची दिलीत," काकू म्हणाली. "माझा ब्लाउज दिला असतात तर बसला असता का? जाऊन भेटा त्यांना."

"मी काय बोलणार?"

"मला विचारलंत तेच."

काका कधी परक्याच्या घरी एकटे गेले नव्हते. शर्ट दोनदा बदलून ते निघाले आणि दिवेलागणीला परतले ते बोलतच. घड्याळजींना आराम करायला खुर्ची नकोच होती. त्यांना खिडकीपाशी बसून घड्याळं उघडायची होती, आणि नात आली की आपण उठून दार उघडायचं होतं. डावा हात अधू, म्हणून सगळा भार उजव्यावर. नवी खुर्ची या सगळ्याला धरून झाली. ती परत आली नाही. घड्याळजींच्या दोन मित्रांचे निरोप मात्र आले.

काम वाढलं तशी काकांनी गोदामातली नोकरी सोडली. फोन ताई सांभाळते. नवीन खुर्चीत पहिली काकू बसते आणि तिने नाक मुरडलं की खुर्ची परत शेडमध्ये जाते. पाटीवर काय लिहायचं, यावर बराच खल झाला. काकू म्हणाली, "लिहा, उठबस." आम्ही हसलो, कारण काकांची कधी कुणाकडे उठबस नव्हती. पण तेच नाव राहिलं.

परवा मी त्यांच्याबरोबर गाणं शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे गेले होते. दार उघडताच त्या म्हणाल्या, "खुर्ची मला नकोय. माझ्यासाठी ती माझ्या मुलाला हवीय."

काकांनी पिशवीतून काढलेली मोजायची टेप परत ठेवली. "बरं. खुर्चीचं राहू द्या. तुम्ही दिवसभर बसता कुठे?"

बाईंनी पलंगाची कड दाखवली. तिथून जिना दिसत होता, कोण वर येतंय ते कळत होतं. कोण कोण येतं, असं काकांनी विचारलं. बाई सांगायला लागल्या. काका स्टूल ओढून बसले आणि मला हातानेच म्हणाले, तूही बस.