मधोमधचा काटा

भर मे महिन्यात घाट चढतानाही आमच्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा मधोमध शांत होता, तिथेच मला शंका आली. असल्या उन्हात इतकं निवांत कुणीच नसतं. गाडी झाडाखाली घेतली, बॉनेट उघडलं आणि इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं. ते बघता बघता वाळलं.

"बघ, काटा खोटं बोलतोय," मी बायकोला म्हणालो.

"हे घ्या," तिने पाण्याची बाटली पुढे केली. "मला नकोय. मी बरी आहे."

मी बाटली फडक्यावर रिकामी केली. मग तिच्याकडे पाहिलं. ओठ कोरडे पडलेले, चेहरा लालबुंद. तीस वर्षं तिचाही काटा मधोमधच आहे, आणि मला एकदाही शंका आली नाही.