रिकामी चौकट

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि ते श्रेय भूगोलाच्या पाटोळे सरांचं. शाळेच्या पर्जन्यमापकाची वही माझ्याकडे असे. एकदा मापक न पाहताच मी शून्य लिहिलं. सर म्हणाले, "शहाण्या, शून्य म्हणजे बघितलं आणि पाऊस नव्हता. बघितलं नाहीस तर चौकट रिकामी सोड. लाज तुला वाटू दे, वहीला नको."

बदलत्या हवामानासाठी बांधलेली तळी-बंधारे खरंच उपयोगी पडतात का, हे सांगणारे देशभरातले पहिले तक्ते आज दिल्लीतल्या आमच्या कार्यालयात आले. "रिकामी चौकट म्हणजे तक्ता परत," असा साहेबांचा हट्ट होता. त्याविरुद्ध मी वर्षभर भांडलो, तेव्हा कुठे कारण लिहून चौकट रिकामी सोडायची मुभा मिळाली. पहिल्याच तक्त्यात एका ग्रामसेविकेनं चौकट रिकामी सोडून खाली लिहिलं होतं, 'रस्ता वाहून गेला, तळं पाहता आलं नाही.' मी आनंदानं उभाच राहिलो. एवढा मोठा देश, आणि त्याला 'माहीत नाही' म्हणता येऊ लागलं!

संध्याकाळी पत्र टाकलं: "सर, तुमची रिकामी चौकट देशाच्या तक्त्यात आली. आता एक कबुली. तुमच्याकडच्या त्या पावसाच्या वहीत माझी आणखी दोन शून्यं न बघता लिहिलेली आहेत. तेवढी खोडून टाका."